असईचे रण आणि डोंगरी पलटणींचा पोशाख

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई नावाचे एक लहानसे गाव आहे. १९८१ साली जालना जिल्हा वेगळा होईपर्यंत हा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडत असे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दुपारी या बेचक्यात दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांची जनरल आर्थर वेलस्ली याच्या फौजेशी गाठ पडली. त्या लढाईचे राजकीय परिणाम शालेय पुस्तकांतून सर्वांच्या परिचयाचे झालेले आहेत. परंतु एक गोष्ट त्या पुस्तकांत सहसा येत नाही. वेलस्लीच्या सैन्यातील बहुसंख्य पायदळ मद्रासकडील हिंदी शिपायांचे होते; गोऱ्या पायदळाच्या पलटणी अवघ्या दोन होत्या, आणि त्या दोहोंपैकी एकही इंग्लंडातील नव्हती. ७४ वी आणि ७८ वी या दोन्ही पलटणी स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखाच्या नावावर उभारलेल्या होत्या, आणि त्यांच्यातील पुष्कळ शिपायांची मायबोली इंग्रजी नसून गेलिक होती.

या डोंगरी पलटणी जगभर ओळखल्या जातात त्या त्यांच्या पोशाखावरून. गुडघ्यापर्यंत येणारे चौकड्यांचे चुण्यादार वस्त्र, कमरेपुढे लोंबणारी केसाळ पिशवी आणि डोक्यावर शहामृगाच्या काळ्या पिसांची उंच टोपी, असा त्यांचा थाट असे. हा पोशाख पाहणाऱ्यास वाटते की, हे एखाद्या प्राचीन आणि स्वतंत्र जातीचे परंपरागत लेणे असावे. वस्तुस्थिती याहून निराळी आणि अधिक विचार करावयास लावणारी आहे. ज्या राजसत्तेसाठी हे लोक असईच्या रणात उतरले, त्याच राजसत्तेने त्यांच्या आजोबांना हा पोशाख केल्याबद्दल तुरुंगात टाकण्याचा कायदा केला होता.

मुळात हा पोशाख गरिबांचा व गुराख्यांचा. स्कॉटलंडच्या त्या भागाला हायलँड्स, म्हणजे उंचावरचा मुलूख, असे म्हणतात. जमीन खडकाळ, पाऊस फार आणि थंडी कडाक्याची. गुरे पाळणे हा मुख्य धंदा. आपल्याकडे धनगराला जशी घोंगडी, तसे या लोकांना त्यांचे लोकरी पांघरूण. दिवसा अंगावर, रात्री अंथरूण, पाऊस आला की डोक्यावर खोळ. एका वस्त्रात सारा संसार. चारपाच वार लांबीचे ते कापड भुईवर पसरावयाचे, त्याच्या मध्यभागी चुण्या घालावयाच्या, त्यावर उताणे निजून दोन्ही टोके पुढे ओढून घ्यावयाची आणि कमरेला पट्टा आवळावयाचा, अशी ते नेसण्याची रीत होती. पट्ट्याखालचा भाग गुडघ्यापर्यंत येई व वरचा भाग खांद्यावर टाचून ठेवीत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वरचा अर्धा भाग वगळून केवळ खालचा भाग नेसण्याची चाल पडली. तोच आजचा किल्ट होय. नऊवारी लुगड्याच्या निऱ्या पुढे येतात; किल्टच्या निऱ्या मागे राहतात आणि पुढचा भाग सपाट असतो.

या सपाट भागावर जी पिशवी लोंबते तिचे नाव स्पोरन. गेलिक भाषेत या शब्दाचा अर्थ पैशाची पिशवी एवढाच आहे. किल्टला खिसा नसतो. तेव्हा पैसा, गारगोटी, वाटेत खावयास ओटचे मूठभर पीठ असे किडुकमिडुक ठेवावयास काहीतरी हवे. आपल्याकडे कमरेला चंची किंवा बटवा खोचण्याची जी सोय, तीच ही. जुन्या काळचा स्पोरन म्हणजे हरणाच्या किंवा वासराच्या कातड्याची, दोरीने तोंड आवळण्याची साधी थैली होती. तिच्यावर ना केसांची झूल होती ना गोंडे होते.

हे साधे वस्त्र राजद्रोहाचे चिन्ह कसे बनले, ते समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १७०७ साली इंग्लंड व स्कॉटलंड यांची पार्लमेंटे एक झाली आणि १७१४ साली जर्मनीतील हॅनोव्हर घराण्याचा राजा गादीवर आला. जुन्या स्ट्यूअर्ट राजघराण्याचा पक्ष धरणारे लोक डोंगरी मुलखात पुष्कळ होते. त्यांनी १७१५ साली एकदा आणि १७४५ साली पुन्हा बंड केले. दुसऱ्या बंडाचा निकाल १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर लागला. तेथे डोंगरी लोकांच्या तलवारींचा सरकारी बंदुकांपुढे तासाभरात चुराडा झाला. त्यानंतर पार्लमेंटने केवळ शस्त्रे काढून घेतली नाहीत. पोशाखही काढून घेतला. १ ऑगस्ट १७४७ पासून स्कॉटलंडात कोणाही पुरुषाने वा मुलाने किल्ट नेसल्यास किंवा टार्टनचे, म्हणजे त्या विशिष्ट चौकडीच्या कापडाचे, वरचे अंगवस्त्र वापरल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद आणि दुसऱ्या गुन्ह्याला सात वर्षे काळे पाणी अशी शिक्षा ठरली.

कायद्याला एक अपवाद ठेवलेला होता, आणि पुढील सर्व कथा त्या अपवादातून निघते. राजाच्या सैन्यात अधिकारी वा शिपाई म्हणून नोकरी करणाऱ्यास हा निर्बंध लागू नव्हता. म्हणजे आपल्या बापाचे वस्त्र राजरोसपणे नेसण्याचा एकच मार्ग डोंगरी तरुणापुढे उरला. तो म्हणजे ज्याने ते वस्त्र हिरावले त्याची चाकरी पत्करणे. केवळ कपड्याच्या हौसेने सारे जण फौजेत गेले असे नव्हे. दारिद्र्य होते, कुळाच्या नायकाचा शब्द होता, जमिनीची आशा होती. तथापि पराभूत लोकांचा अभिमान कोठे दुखतो आणि तो कोणत्या दावणीला बांधता येतो, हे सरकारने अचूक ओळखले होते यात शंका नाही.

या धोरणाचा प्रयोग बंडापूर्वीच सुरू झालेला होता. १७२५ साली डोंगरी मुलखावर पहारा ठेवण्यासाठी सरकारने तेथल्याच सरकारनिष्ठ लोकांच्या स्वतंत्र तुकड्या उभारल्या. त्यांना गडद निळ्या, काळ्या व हिरव्या रंगांचे कापड वापरावयास दिले. पुढे या तुकड्यांचे नाव ब्लॅक वॉच, म्हणजे काळा पहारा, असे रूढ झाले आणि १७३९ साली त्यांची एक नियमित पलटण झाली. हीच पुढे ४२ वी पलटण म्हणून प्रसिद्धीस आली. तिचे ते गडद कापड सरकारी टार्टन म्हणून ओळखले जाऊ लागले आणि पुढच्या पलटणी निघाल्या त्यांना बहुधा तेच मिळाले.

टार्टनची वीण समजण्यास मागाची ओळख पुरते, आणि हिमरूच्या शहरातील वाचकांना ती नवी नाही. हिमरूत सुताची व रेशमाची वेलबुट्टी विणली जाते. टार्टनमध्ये वेलबुट्टी नसते. ताण्यात रंगीत धाग्यांचा जो क्रम लावला असेल, तोच क्रम बाण्यात लावावयाचा. दोन्ही एकमेकांना छेदतात तेथे चौकड्या आपोआप उठतात. यामुळे एक नवा रंग किंवा एक बारीक रेघ घातली की कापडाची ओळख बदलते. ७८ व्या पलटणीने सरकारी टार्टनमध्ये एक पांढरी व एक तांबडी रेघ घातली. आज मॅकेंझी कुळाचे प्राचीन टार्टन म्हणून जे कापड दुकानांत मिळते, ते पलटणीच्या याच कापडावरून आलेले आहे. आपल्याकडे शिंदेशाही पगडी, होळकरशाही पगडी अशी घराण्यांची नावे शिरोभूषणांना मिळाली. परंतु तेथे घराण्याचा थाट आधी व त्याची ओळख मागाहून. स्कॉटलंडात पुष्कळदा याच्या उलट झाले. पलटणीच्या कोठारासाठी ठरलेला नमुना मागाहून कुळाचा वारसा म्हणून मिरवू लागला.

कायदा १७८२ साली रद्द झाला. मध्ये पस्तीस वर्षे गेली होती. इतक्या काळात एक पिढी मोठी होऊन तिला विजारीची सवय झाली. सामान्य माणसाने जुने वस्त्र पुन्हा नित्याच्या वापरात घेतले नाही. ते जिवंत राहिले ते पलटणीत, आणि पलटणीच्या शिस्तीप्रमाणे बदलत राहिले. निऱ्या शिवून टाकण्यात आल्या, लांबी मोजून ठरली, थैलीवर फरकातडे चढले. गुराख्याचे पांघरूण गणवेश बनले.

असईला आलेल्या दोन पलटणींची उभारणी याच सुमाराची. ७४ वी पलटण १७८७ साली हिंदुस्थानातील चाकरीसाठी म्हणूनच काढण्यात आली. तिला किल्ट, पिसांची टोपी व पांढऱ्या कफकॉलरीचा लाल डगला असा पोशाख होता. ७८ वी पलटण १७९३ साली रॉस परगण्यात फ्रान्सिस हंबरस्टन मॅकेंझी याने काढली. या गृहस्थाला बालपणीच्या तापामुळे बहिरेपण आलेले होते. तरी त्याने पलटण उभी केली आणि पुढे लॉर्ड सीफोर्थ हा किताब मिळविला. त्याच्याच घराण्यातील पूर्वीच्या सीफोर्थ सरदाराची जहागीर व किताब १७१५ च्या बंडापायी जप्त झाले होते. पूर्वजाने राजाविरुद्ध तलवार उचलून जे घालविले, ते वंशजाने राजाला शिपाई पुरवून परत आणले.

शिपायांच्या पदरात काय पडले? पलटण निघाली त्याच्या आदल्याच वर्षी, १७९२ साली, याच रॉस परगण्यात लोकांनी मोठी गडबड केली होती. जमीनदारांनी कुळांच्या चराऊ जमिनी मेंढ्यांच्या बड्या व्यापाऱ्यांना देण्याचा सपाटा लावला होता. तेव्हा शेकडो लोकांनी जमून त्या मेंढ्या परगण्याबाहेर हाकलण्यास आरंभ केला. त्यांचा बंदोबस्त करण्यास सरकारने ४२ व्या पलटणीच्या, म्हणजे ब्लॅक वॉचच्या, तुकड्या पाठविल्या. किल्टवाल्यांनी आपल्याच भाईबंदांना पांगविले. पुढील वर्षी त्याच मुलखातून ७८ व्या पलटणीची भरती झाली. मेंढीला जागा करून देताना जो माणूस जमिनीवर नकोसा झाला, तो पलटणीत हवासा होता. त्याच्या स्पोरनमध्ये पडणारा पगार १७९७ च्या वाढीनंतरही दिवसाला एक शिलिंग होता, आणि त्यातून खाण्यापिण्याचा खर्च कापला जाई.

या माणसांना दख्खनमध्ये आणणारी राजकीय घटना म्हणजे ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह. दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची तैनाती फौज स्वीकारली. शिंदे व भोसले यांना तो तह मान्य होण्यासारखा नव्हता. १८०३ च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले. ८ ऑगस्टला अहमदनगरच्या पेठेच्या तटाला शिड्या लावल्या गेल्या आणि ७८ वी पलटण त्या हल्ल्यात आघाडीला होती. १२ तारखेला किल्लाही पडला. २९ ऑगस्टला वेलस्ली औरंगाबादला पोहोचला. तेथून पुढे तीन आठवडे शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा माग काढीत तो मराठवाड्यात फिरत होता. २३ सप्टेंबरला त्याची व त्यांची गाठ पडली ती त्याच्या अपेक्षेपेक्षा आधी आणि त्याच्या तयारीपेक्षा मोठ्या प्रमाणावर.

मराठ्यांच्या बाजूला पोहलमन नावाच्या हॅनोव्हरकडील अधिकाऱ्याचा कंपू, बेगम समरूच्या पलटणी आणि आणखी एक कंपू मिळून सुमारे १०,००० कवाईती पायदळ, शंभरावर तोफा आणि हजारो स्वार होते. वेलस्लीजवळ प्रत्यक्ष लढणारे लोक सुमारे ४,५०० होते. नदीला उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले. परंतु दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, तेव्हा त्यांमध्ये येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे, असा तर्क करून त्याने केळना ओलांडली. त्याने मराठ्यांच्या बगलेवर चाल करण्याचे योजिले होते. पण शिंद्यांच्या कंपूंनी कवाईतीच्या सफाईने आपली फळी फिरविली आणि त्याच्याकडे तोंड केले. एक टोक केळनेला व दुसरे असई गावाला, अशी तोफांची रांग त्याच्यासमोर उभी राहिली.

डावीकडे नदीलगत ७८ वी पलटण एका ओळीत तोफांवर चालून गेली. उजवीकडे घोटाळा झाला. आघाडीच्या पहारेकऱ्यांच्या तुकडीला गावापासून दूर राहण्याचा हुकूम होता. ती चुकून थेट असईच्या रोखाने गेली आणि तिच्या पाठोपाठ ७४ वी पलटणही. गावातील तोफा एका बाजूने, फळीतील तोफा समोरून, आणि त्यात शिंद्यांचे घोडदळ अंगावर आले. पलटणीतील उरलेल्यांनी पडलेल्या सोबत्यांच्या प्रेतांचा आडोसा करून कसाबसा चौक बांधला आणि कर्नल मॅक्सवेलचे घोडदळ मदतीला येईतो तो टिकवून धरला. सुमारे पाचशे लोकांपैकी चारशेच्या आसपास मेले किंवा जखमी झाले. रणात असलेल्या अधिकाऱ्यांपैकी धडधाकट राहिला तो एकटा क्वार्टरमास्तर जेम्स ग्रँट. त्याचे काम सामानसुमानाचे, लढण्याचे नव्हे. परंतु आपले सोबती पडताना पाहून तो रांगेत शिरला आणि अखेरपर्यंत लढला. संपूर्ण फौजेचे मृत, जखमी व बेपत्ता मिळून १,५८४ लोक गारद झाले. एक तृतीयांशाहून अधिक.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आज या लढाईची चित्रे काढणारे किल्ट नेसलेले शिपाई हौसेने रंगवितात. परंतु ७४ व्या पलटणीने हिंदुस्थानची हवा मानवत नाही म्हणून किल्ट बाजूला ठेवलेला होता, असे तिच्या इतिहासात नमूद आहे. ज्या पलटणीने असईला सर्वांत अधिक रक्त सांडले, तिच्या अंगावर ते प्रसिद्ध वस्त्र नव्हते.

मराठी बाजूची गोष्टही तितकीच सांगण्यासारखी आहे. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत. संगिनी पोटात शिरेपर्यंत ते आपल्या जागी उभे होते, आणि गोऱ्यांची रांग पुढे निघून गेल्यावर तोफांखाली मेल्याचे सोंग घेऊन पडलेल्यांपैकी काहींनी उठून त्याच तोफा मागून डागल्या. वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारा म्हणून जगाला माहीत झाला. उतारवयात कोणी विचारले की, तुमच्या हातून घडलेली सर्वांत उत्तम लढाई कोणती, तेव्हा त्याने असईचे नाव घेतले. या उत्तरात त्या गोलंदाजांच्या पराक्रमाची पावतीही आहेच. त्याच्या अंदाजाने मराठ्यांचे सुमारे १,२०० लोक रणात मरून पडले होते. गोऱ्या जखमींची व्यवस्था पुढे अजिंठ्याला करण्यात आली.

असईच्या संबंधात डेव्हिड स्ट्यूअर्ट या डोंगरी अधिकाऱ्याने, जो स्वतः ४२ व्या व ७८ व्या पलटणीत नोकरीस होता, १८२२ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात एक आख्यायिका दिली आहे. लढाईच्या वेळी वाजंत्र्यांनी वाद्ये ठेवून जखमींना मागे न्यावे, अशी रीत असे. ७८ व्या पलटणीतील एका मशकबाजावाल्याला वाटले की हा हुकूम आपल्यालाही आहे. त्याने बॅगपाइप खाली ठेवला आणि जखमींची शुश्रूषा केली. लढाई संपल्यावर सोबत्यांनी त्याला फार टोचून बोलून घेतले. बासरीवाले मागे गेले तर चालेल. पण मशकबाजा वाजविणाऱ्याने भर रणातून मागे जावे, ही गोष्ट त्यांनी कधी ऐकलेली नव्हती. बिचारा खजील झाला. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वऱ्हाडात अडगावला पुन्हा लढाई झाली, तेव्हा त्याने इतक्या आवेशाने वाजविण्यास आरंभ केला की, शिपाई रांग मोडून वेळेआधीच धावून जाण्याच्या बेतात आले. शेवटी कर्नल ॲडम्सला त्यास गप्प करावे लागले. या गोष्टीत गंमत आहे खरी. पण जखमी सोबत्याला उचलून नेणारा मनुष्य ज्या रिवाजात लाजेस पात्र ठरतो, त्या रिवाजाची धारही तीत दिसते.

अडगावनंतर १५ डिसेंबरला गाविलगड पडला; १७ डिसेंबरला देवगाव येथे भोसल्यांनी आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगाव येथे शिंद्यांनी तह केला. कंपनीने ७४ वी, ७८ वी व १९ वे घोडदळ यांना असईच्या स्मरणार्थ एकेक जादा निशाण देऊन हत्तीचे चिन्ह लावण्याचा मान दिला. स्कॉटलंडच्या थंड डोंगरांतील पलटणीच्या निशाणावर दख्खनच्या लढाईचा हत्ती आला, तो असा.

आणि मग सरकारने पोशाखाच्या बाबतीत आपले अंतरंग पुन्हा उघड केले. ७ एप्रिल १८०९ च्या हुकुमाने ७२, ७३, ७४, ७५, ९१ व ९४ या सहा पलटणींचा डोंगरी पोशाख काढून घेण्यात आला. कारण असे दिले की, इतक्या पलटणी भरण्याइतकी वस्ती डोंगरी मुलखात नाही आणि किल्टमुळे इतर प्रांतांतील लोक भरती होण्यास नाखूष असतात. वस्ती का पुरेना, याचे उत्तर त्या मुलखातील मेंढ्यांच्या कुरणांत होते. जो पोशाख एकदा बंडखोराचा म्हणून काढून घेतला, तोच आता भरतीला अडचणीचा म्हणून काढून घेण्यात आला. असईला चारशे लोक गमावलेल्या ७४ व्या पलटणीलाही त्यातून सूट मिळाली नाही. १८४५ साली तिला डोंगरी हे नाव परत मिळाले, परंतु किल्ट नव्हे. टार्टनची विजार मिळाली. १८८१ साली ती ७१ व्या पलटणीशी एकत्र होऊन हायलँड लाइट इन्फंट्री झाली. या पलटणीला किल्ट परत मिळण्यास १९४७ साल उजाडावे लागले, आणि १९५९ साली दुसऱ्या पलटणीत विलीन होताच तो पुन्हा गेला.

ज्यांचा किल्ट राहिला त्यांचा थाट मात्र वाढतच गेला. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा सर वॉल्टर स्कॉटच्या पुढाकाराने सारे शहर टार्टनने सजले. खुद्द हॅनोव्हर घराण्याच्या राजाने किल्ट नेसला. कलोडनला अजून ऐंशी वर्षेही झाली नव्हती. त्या सोहळ्याच्या सजावटीत हाच डेव्हिड स्ट्यूअर्ट स्कॉटचा साहाय्यक होता. एकोणिसाव्या शतकात पलटणींचे स्पोरन मोठे व झुबकेदार झाले. ब्लॅक वॉचचा स्पोरन पांढऱ्या केसांचा, त्यावर पाच काळे गोंडे; सीफोर्थचा पांढरा, दोन लांब काळे गोंडे; कॅमेरनचा काळा, दोन पांढरे गोंडे; आर्गाइल-सदरलंडच्या अधिकाऱ्यांचा बिज्जूच्या कातड्याचा, सहा पांढरे गोंडे. संचलनात पावलागणिक ते डोलत आणि पाहणाऱ्यांचे डोळे वेधून घेत. पैसे ठेवण्याची मूळची थैली त्या केसांच्या झुलीमागे नावाला उरली. उत्तर हिंदुस्थानात १८५७ च्या धामधुमीत या शिपायांना लोक घागरा पलटण म्हणत. पहिल्या महायुद्धात खंदकांच्या चिखलात हा डामडौल निरुपयोगी ठरला. किल्टवर खाकी कापडाचे आच्छादन आले आणि त्यालाच पुढे खिसा शिवला गेला. गुराख्याच्या थैलीचे मूळ काम त्या खाकी खिशाने पुन्हा हाती घेतले. १९३९ साली विषारी वायूच्या व यांत्रिक युद्धाच्या काळात रणांगणावर किल्ट नेसण्यास मनाई झाली. तेव्हापासून तो समारंभाचा पोशाख आहे.

२००६ साली स्कॉटलंडच्या साऱ्या जुन्या पायदळ पलटणी मिळून एकच रेजिमेंट करण्यात आली. तिचा किल्ट सरकारी टार्टनचा आहे. म्हणजे १७२५ साली डोंगरी मुलखावर पहारा ठेवण्यासाठी निघालेल्या तुकड्यांच्या त्याच गडद निळ्याहिरव्या कापडाच्या परंपरेतला. सीफोर्थची पांढरी-तांबडी रेघ आता पलटणीच्या कोठारात नाही. ती मॅकेंझी नाव लावणाऱ्या घरांच्या कपाटांत आणि कापडाच्या दुकानांत आहे.

हिंदुस्थानात या कथेच्या दोन खुणा राहिल्या आहेत. भारतीय सेनेच्या अनेक पायदळ पलटणींत मशकबाजा अद्याप वाजतो आणि दर वर्षी २९ जानेवारीला दिल्लीच्या समारंभात त्याचे सूर ऐकू येतात. दुसरी खूण मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर आहे. त्या चिन्हातील हत्ती असईचा आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी स्कॉटलंडच्या शिपायांच्या जोडीने मद्रासचे शिपाईही त्या बेचक्यात लढले आणि मेले. कलोडनला हरलेल्यांचे नातू आणि कंपनीच्या मिठाला जागणारे हिंदी शिपाई मिळून त्या दिवशी तिसऱ्याच कोणाचे राज्य वाढवीत होते, आणि त्यांच्यासमोर तोफांपाशी उभे राहिलेले गोलंदाज ते राज्य अडवीत होते. पहिल्या दोघांना निशाणावर हत्ती मिळाला. गोलंदाजांना असईच्या शिवारातील माती मिळाली. केळना आणि जुई यांच्यामधील त्या शेतांतून आजही नांगर फिरतो.